न झाडलेली वाळू

जुबेदा गेल्याचा निरोप तिच्या धाकट्या बहिणीनं, शमीमनं, फोनवर पाठवला तेव्हा मी थळच्या बाजारात बोंबलांच्या भावावरून हुज्जत घालत होते. "बाजी सकाळी गेली. संध्याकाळी असरच्या नमाजानंतर नेतील," एवढंच होतं. मी बोंबील घेतले, घरी आले, ते फ्रीजमध्ये ठेवले आणि मग खुर्चीत बसले. उशिरानं निघाले, त्यात आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या बोटीनं पलीकडे जाऊन बोर्ली पंचतनला पोचले तोवर तिला घेऊन गेले होते. शमीमनं पाणी दिलं, ते प्यायले आणि परत फिरले. रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू? मी रडणाऱ्यांतली नाही, जुबेदाही नव्हती. आमचं इतकी वर्षं जमलं ते बहुधा त्यामुळंच.

जुबेदा बोर्लीच्या शाळेत चित्रकला शिकवायची. आम्ही दोघींनी मिळून मुलांसाठी चित्रपुस्तकं केली. युरोपातल्या जुन्या लोककथा मी मराठीत नव्यानं सांगायच्या आणि चित्रं तिनं काढायची. अलिबागला मुलांच्या एका शिबिरात ओळख झाली होती. तिथं मी माझी पहिली कथा मोठ्या ऐटीत तिच्या हातात दिली. तिनं ती उभ्याउभ्याच वाचली आणि म्हणाली, "ताई, तुमची राजकन्या लय शहान्यासारखी बोलते. तिला जरा भूक लागू द्या ना." मला राग आला. घरी येऊन राजकन्येला भूक लावली तर कथा एकदम चालायला लागली... मग राग गिळला.

युरोप आम्ही दोघींनीही पाहिला नव्हता. तिचं काही अडलं नाही. बर्फ तिनं पेणकडच्या मिठागरांवरून उचलला, भुताचं जंगल दिवेआगरच्या सुरूच्या बनातून आणलं आणि राक्षसाच्या गढीला मुरूडच्या जंजिऱ्याचे बुरूज दिले. आमच्या पुण्याच्या प्रकाशकांना मात्र सगळंच इथलं करून हवं होतं. लांडग्याचा कोल्हा करा, हान्सचा हणमंत करा, असं ते म्हणायचे. जुबेदा ऐकायची नाही. "पावना घरी आला तर आपन त्याचं नाव बदलतो काय? नाव त्याचं ऱ्हाऊ दे. चहा आपला पाजू." आमच्या सगळ्या पुस्तकांचं धोरण या एका वाक्यात आलं. मी त्यावर दोन भाषणंसुद्धा दिली, अर्थात वाक्य तिचं आहे हे सांगून.

तिची कामाची एक रीत होती. कथा हातात आली की चित्राला बसायची नाही. आधी ती वर्गात तोंडी सांगायची आणि पोरं कुठं मध्ये बोलतात ते बघायची. जिथं पोरांनी तोंड उघडलं, ते पान पहिलं काढायचं. बाकीची पानं मग आपोआप येतात, असं तिचं म्हणणं.

आमचं शेवटचं पुस्तक स्कॉटलंडच्या बेटांवरच्या एका कथेचं होतं. सील नावाचा समुद्रातला प्राणी किनाऱ्यावर कातडं उतरवतो आणि त्याची बाई होते. एक कोळी ते कातडं लपवतो, तिच्याशी लग्न करतो, त्यांना दोन मुलं होतात. एके दिवशी मुलांनाच माळ्यावर ते कातडं सापडतं. आई ते पांघरते आणि समुद्रात निघून जाते. परत येत नाही. रोज सकाळी खडकावर मुलांसाठी मासे ठेवलेले असतात, बस्स. ही कथा जुबेदानं वर्गात सांगितली आणि तिचा मला फोन आला. फोनवर ती हसत होती. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील आखातात नोकरीला. आई समुद्रात गेली म्हटल्यावर पोरांनी विचारलं होतं, "बाई, ती सुट्टीवर कधी येनार?"

मी हे प्रकाशकांना कौतुकानं सांगायला गेले आणि ती बला अंगावर घेतली. त्यांनी लगेच धरलं, मुलांनाच हवंय तर शेवटच्या पानावर आईला परत आणा. जुबेदा म्हणाली, "नाय येत ती. येते म्हनून सांगितलं तर पोरं वाट बघत बसतील." मग शेवटचं चित्र आलं. कोळ्याचं घर, उघडं दार, दारातून दिसणारा समुद्र, कोपऱ्यात उभी केरसुणी, आणि जमिनीवर आतून बाहेर जाणाऱ्या पावलांची ओली वाळू. मुलं पायरीवर पाठमोरी बसलेली. मला ते चित्र आवडलं, पण खरं सांगायचं तर वाळूचं काही कळलं नव्हतं. छपाईआधीची प्रत आली तेव्हा जमीन लख्ख होती. कुणीतरी कॉम्प्युटरवर वाळू पुसून टाकली होती. लोकांना छपाईचे डाग वाटतील, असं प्रकाशकांचं म्हणणं पडलं. जुबेदाचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. "वाळू नसंल तर माझं नाव काढा. सगळ्या पानांवरनं चित्रं काढा माझी." का, ते सांगेना. पुस्तक बुडतंय असं दिसलं तेव्हा मी मध्ये पडले, भांडले, आणि वाळू परत आली.

छापून आल्यावर पहिलं वाचन तिच्याच वर्गात ठेवलं. शेवटचं पान आलं आणि मी मुद्दाम थांबले. पुढच्या बाकावरच्या एका चिमुरडीनं वाळूवर बोट ठेवलं. म्हणाली, "अजून पोचली न्हाय ती." मी विचारलं, तुला कसं कळलं? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पहिलीत आहे. "झाडू न्हाय मारला ना! मानूस निघाला की तो पोचल्याचा फोन येईस्तवर झाडू न्हाय मारायचा. अब्बा जातात तवा अम्मी न्हाय मारत."

ही रीत आमच्याकडेही होती. माझी आई पाळायची. मी विसरून गेले होते.

त्या दिवशी स्टँडवर एसटीची वाट बघताना जुबेदा आपणहून बोलली. ती लहान असताना तिचे वडील दुबईला गेले. पोचल्याचं पत्र यायचं होतं, ते आलं नाही. त्यांचं काय झालं ते कधी कळलंच नाही. "अम्मीनं किती दिवस झाडू हातात घेतला नाय. त्यांच्या चपलांची माती तशीच. शेजारनी नावं ठेवायच्या. एक दिस दादी आली आनि तिनं झाडून काढलं... अम्मी तवा रडली, ताई. त्याच्या आधी नाय." एसटी आली. तिनं खिडकीतून माझी पिशवी आत दिली आणि "पोचल्यावर फोन करा" म्हणाली. ते ती नेहमीच म्हणायची. मी नेहमीच विसरायचे आणि मग तिचाच यायचा, "पोचलात ना?" त्या दिवशी मात्र घरात पाऊल टाकल्याबरोबर मी फोन केला.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला पुन्हा बोर्लीला गेले. या वेळी फेरीबोट वेळेत मिळाली. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगण सारवल्यासारखं स्वच्छ, ओटी पुसलेली. जेवणं झाल्यावर शमीम मला जुबेदाच्या खोलीत घेऊन गेली. टेबल, रंगांच्या वाट्या, काचेच्या बरणीत उभे ब्रश. आणि टेबलाखाली पेन्सिलींची सालपटं, खोडरबराचा चुरा, चुरगळलेले कागद, सगळं जसंच्या तसं. त्यावर धूळही बसू लागली होती. शमीम नीटनेटकी बाई. वाटलं, बिचारीला या खोलीत पाऊल टाकवत नसेल. तिचं काम हलकं करावं म्हणून दारामागची केरसुणी मी हातात घेतली.

शमीमनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि परत दारामागे ठेवली.

"नको, ताई," ती म्हणाली. "बाजीचा अजून फोन नाय आला."

आणि मग मला रडू आलं.