कोऱ्या ड्राइव्हची सुनावणी

अपिलाच्या सुनावणीला दीड तास उरला असताना मी मावशींच्या ड्राइव्हची मेमरी पुसून टाकली. हेतू चांगला होता. नमुना नव्यासारखा दिसावा म्हणून आधी धूळ झटकली आणि मग, हात लागलाच आहे तर, मागचं रीसेटचं बटणही दाबलं.

मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. आमच्या वकिलांच्या ऑफिसात सगळेच त्यांना मावशी म्हणतात. डिस्क ड्राइव्हच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं लेन्स जुळवल्या. प्रत्येक डिस्क किंचित वाकडी असते. ती घातली की ड्राइव्ह चाचपडत वाकडेपणा मोजतो आणि लेन्स तेवढी कलती करतो. तपासणीची कुठली डिस्क किती वाकडी, हे मावशी पेन्सिलीने तिच्या पाकिटावर लिहून ठेवायच्या आणि पुन्हा मोजायच्या नाहीत. एक दिवस म्हणाल्या, "मी लिहून ठेवते, मग या डबड्याला काय धाड भरलीय?" त्यातून हा ड्राइव्ह झाला. एकदा मोजायचं, साठवायचं, डिस्क परत आली की ओळखायचं.

पेटंट परीक्षकांनी अर्ज फेटाळला. एका जुन्या पेटंटात हेच आहे, म्हणे. अपीलही फेटाळलं गेलं असतं तर शोधक म्हणून मावशींचं नाव कायमचं पुसलं गेलं असतं. त्या पुसापुशीची सुरुवात मी सकाळीच करून दिली होती.

"मावशी, चाळीस डिस्क शिकवल्या होत्या ना त्याला?" मी विचारलं.

"चाळीस."

"त्यातलं आता..."

"आता तो तुझ्याइतकाच हुशार आहे." त्यांनी ड्राइव्ह पिशवीत टाकला. "चल. बरंच झालं एका अर्थी."

सुनावणीच्या खोलीत तीन सदस्य, अर्ज फेटाळणारे परीक्षक, एक लांब टेबल आणि कुरकुरणारा पंखा. मावशींनी कोऱ्या ड्राइव्हमध्ये एक डिस्क घातली. तो गुरगुरला, चाचपडला आणि अकरा सेकंदांनी वाचू लागला.

"जुन्या पेटंटातला ड्राइव्ह दर खेपेला एवढंच करतो," मावशी म्हणाल्या. "आता माझा बघा."

त्यांनी वीज बंद केली, पुन्हा चालू केली, तीच डिस्क घातली. दोन सेकंद.

अध्यक्षांनी स्वतः उठून मावशींच्या पाकिटांतली दुसरी डिस्क घालून पाहिली. अकरा, मग दोन. ते परीक्षकांकडे वळले. "जुन्या पेटंटात साठवण्याचं कुठे आहे?"

परीक्षकांनी पानं पुढे केली, मागे केली. "मोजण्याचं आहे," ते म्हणाले. "साठवण्याचं... नाही."

शिकलेला ड्राइव्ह नेला असता तर पहिल्यापासून दोनच सेकंद दिसले असते आणि फरक तोंडाने सांगत बसावं लागलं असतं. अपील मंजूर झालं.

जिना उतरताना मी छाती काढून म्हणालो, "म्हणजे जिंकलो ते माझ्यामुळे."

"तर काय," मावशी म्हणाल्या. "आता राहिलेल्या अडतीस डिस्कही त्याला तूच शिकव. होता तसा परत कर माझा ड्राइव्ह."

अडतीस वेळा अकरा सेकंद, म्हणजे जेमतेम सात मिनिटांचं काम. त्याला आता महिना झाला. मावशी माझ्या टेबलाजवळून जाताना शिकवून झालेल्या डिस्कची पाकिटं मोजतात. आज चौदा भरली.