गोऱ्या नर्सला दिलेला आशीर्वाद

काल दवाखान्यात जखम धुण्याच्या औषधाचा उग्र वास आला आणि मी एकदम तंजावूरजवळच्या, कालव्यापलीकडल्या शेतमजुरांच्या वस्तीत पोचले.

तेव्हा मी नवी सून होते. सासूबाईंच्या तळपायाचं गळू वैद्यांच्या लेपांनी बरं होईना, म्हणून बैलगाडीनं आम्ही तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्याच्या झोपडीत गेलो. वाटभर त्या मला बजावत होत्या, "तिथं पाणीसुद्धा पिऊ नकोस, अगो. फुकट औषध कुणी देतं का? ह्यांना काहीतरी हवं असणार."

मलाही तेच वाटत होतं. सातासमुद्रापलीकडून येऊन ही गोरी नर्स शेणानं सारवलेल्या जमिनीवर कशाला बसते? नारळाच्या झावळ्यांखाली, उकळत्या पाण्याच्या वाफेत, मी तिच्या हातांवर नजर ठेवून उभी होते.

पाय धुवायला ती गुडघे टेकून सासूबाईंसमोर वाकली. पायाशी कुणी वाकलं की आमच्याकडे मोठ्यांचा हात आपोआप उठतो. सासूबाईंचाही उठला आणि तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर टेकला. "अखंड सौभाग्यवती हो," त्या आमच्या मराठीत म्हणाल्या. लग्नच न करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणीला!

"काय म्हणाल्या?" तिनं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मला विचारलं. मी अर्थ सांगितला. ती हसली नाही. तिनं सासूबाईंना हात जोडले आणि पुन्हा पू पुसू लागली.

परतताना सासूबाईंनी बांधलेला पाय गाडीत लांब केला. मग त्या जे बोलल्या त्याचं आता हसू येतं, पण तेव्हा मला ते अगदी पटलं होतं.

"बघितलंस? काहीतरी घेतल्याशिवाय सोडलं नाहीच तिनं. माझा आशीर्वाद घेतला!"