आसणकोंडची डोलीची वाट

तुमच्या मासिकातलं हे भुताखेतांच्या अनुभवांचं सदर मी वाचत नाही. सून मोठ्याने वाचते, म्हणून कानावर पडतं. आजवर जे जे ऐकलं त्यावरून माझं मत असं, की यातले निम्मे अनुभव अपचनाचे आहेत आणि उरलेले थापांचे. तोच पिंपळ, तेच पैंजण, तीच वळून बघणारी बाई... मी उभा जन्म ओव्हरसियर म्हणून डोंगरात पायी हिंडलो. मसणवट्याशेजारी तंबू ठोकून झोपलो. मला ढेकणांखेरीज कोणी भेटलं नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. पण एक प्रकार घडला होता, आणि त्याचा हिशेब मला लागलेला नाही. यात भूत नाही. रात्रही नाही — भर उन्हातली गोष्ट आहे. आहे ती फक्त एक पायवाट. सून म्हणाली, "मग त्यात भयंकर काय?" तिला काय सांगायचं!

साल तेहतीस किंवा चौतीस. शिमगा होऊन आठवडा झाला होता. महाडहून भोरकडे जाणारा रस्ता घाट चढण्याआधी वरंध गावाशी येतो. तिथे गावाच्या डोक्यावर डोंगराची एक सोंड पुढे आलेली आहे. सोंडेच्या माथ्याखाली थोडी सपाटी आणि त्या सपाटीवर नऊ घरं. हे आसणकोंड. खाली भाताची जमीन, रस्ता, बाजार सगळं असताना कड्याच्या काठावर जाऊन राहायची अक्कल यांच्या पूर्वजांना कोणी दिली, देव जाणे. वर नाचणी, वरी आणि वारा. घरटी एक माणूस मुंबईला, आणि उरलेले त्याच्या मनिऑर्डरीची वाट बघणारे.

माझ्याकडे काम होतं डोंगरातल्या वाड्यांची आणि कोंडांची यादी करायचं. घरं किती, पाणी कुठे, मोठ्या रस्त्यापर्यंत अंतर किती, वाटेत ओढे-वहाळ किती. त्यावरून कुठे विहीर द्यायची, कुठे साकवाचा छोटा पूल टाकायचा हे वर ठरणार होतं. जुन्या यादीत अंतरं कशी लिहिली होती माहीत आहे? 'दोन चिलमी.' 'भाकरी खाऊन निघालं तर कलत्या उन्हाला.' ही त्यांची मोजमापं! मी साखळी आणि होकायंत्र घेऊन निघालो ते या अडाणीपणाला एकदाची शिस्त लावायला.

बरोबर शिपाई गणपत. पोलादपूरकडचा, चाळिशीचा, अबोल माणूस. साखळीचं दुसरं टोक धरायचं काम त्याचं आणि ते तो चोख करायचा. मी त्याच्याशी कधी धड बोललो नाही. शिपायाशी काय बोलायचं, असं तेव्हा वाटायचं.

वरंधपासून आसणकोंडला जाणारी वाट सोंडेला पूर्ण वळसा घालते आणि मध्ये एक वहाळ ओलांडते. साखळीने मोजली. पावणेसहा मैल. चढायला सडा माणूस असला तरी तीन तास.

कोंडातला कर्ता माणूस राघोबा नावाचा म्हातारा. त्याने आम्हाला अंगणात घोंगडी टाकून दिली आणि लगेच गाऱ्हाणं सुरू केलं — वहाळावर साकव पाहिजे, पावसात चार महिने कोंड तुटून पडतो. मी कंटाळून विचारलं, "मग पावसात आजारी माणूस खाली कसा नेता?"

तो चिलीम चाचपायला लागला. त्याची बायको सखू दारातून बोलली, "डोलीची वाट हाय की."

"तू गप गो!" राघोबा ओरडला.

मी कान टवकारले. "म्हणजे जवळची वाट आहे? आणि तरी साकव मागता?"

राघोबाने डोकं खाजवलं. "हाय म्हनजे... ती चालत्या मानसाला गावत नाय, साहेब. खांद्याव डोली असली, तिच्यात दुखनाईत मानूस असला, तरच गावते."

मी पोट धरून हसलो. राघोबाचा पुतण्या धाकू मुंबईच्या गिरणीत होता, शिमग्याला घरी आला होता. त्याला ते लागलं. "हसता काय साहेब? आम्ही काय येडे हाय?"

"ते मी लिहूनच घेतो," मी म्हणालो. "दाखव तुझी वाट."

त्यांनी मला घरांच्या मागे नेलं आणि बोट दाखवलं. पुढे कडा होता. सरळ दोनशे-अडीचशे फूट भिंत, काठालगतचं थोडं गवत सोडलं तर काही उगवायला जागा नाही. खाली झाडांचे शेंडे, त्यापलीकडे वरंधची घरं आणि रस्त्याची पांढरी रेघ. मी तिथेच वही काढून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'ग्रामस्थ सांगतात तो मार्ग अस्तित्वात नाही.' वेळ लिहिली : अकरा.

एवढ्यावर निघालो असतो तर बरं झालं असतं. पण मला आकडा हवा होता, कड्याची खोली, या माणसांच्या तोंडावर मारायला. काठाखाली पुरुषभर अंतरावर एक टप्पा होता. मी गणपतला म्हटलं, "तिथे उतर. साखळी खाली सोड."

"साहेब, गवत वाळलंय तिथं," राघोबा म्हणाला. "पाय सरकतो."

"तुझा सल्ला विचारला कोणी?"

गणपतने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उतरला. दुसऱ्याच पावलाला त्याचा पाय सुटला. तो त्या टप्प्यावरून घसरून आणखी खालच्या खडकावर आपटला. नशीब, तिथे अडकला. धाकू आणि दुसरा एक जण दोर लावून उतरले आणि त्याला वर घेऊन आले. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. रक्त थांबेना. सखूने आपल्या लुगड्याचा पदर टराटरा फाडला आणि मांडीला वर आवळून बांधला. मी उभा होतो. मला काहीही सुचत नव्हतं.

पाहता पाहता त्यांनी बांबूला घोंगडी बांधली, गणपतला तिच्यात घातलं, चौघांनी खांदा दिला. मी सवयीने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. वळशाच्या वाटेने डोली न्यायची म्हणजे चार तास. गणपतचे ओठ पांढरे पडले होते. चार तास तो टिकणार नव्हता, हे मलाही कळत होतं.

"चला, लवकर! वहाळाकडून!" मी ओरडलो.

डोली कड्याकडे वळली.

मी धावत आडवा गेलो. "अरे, मारता काय त्याला? तिकडे कडा आहे!"

राघोबाने माझं मनगट धरलं आणि माझा हात डोलीच्या बांबूवर ठेवला. "हात काढू नका," एवढंच म्हणाला. आणि आम्ही चालायला लागलो.

आता इथे तुमच्या वाचकांची निराशा होणार. धुकं आलं नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. वाट होती, बस. दोन माणसं शेजारी चालतील एवढी रुंद. दगड पायांनी गुळगुळीत झालेले. दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या. उतार बेताचा, तीन वळणं. दुसऱ्या वळणावर खडकातून पाणी ठिबकत होतं. तिथे त्यांनी खांदा बदलला आणि धाकूने ओंजळभर पाणी गणपतच्या तोंडाला लावलं. मी पावलं मोजत होतो — कामाची सवय, भीतीतही सुटत नाही. एक हजार एकशे चाळीस. घाबरलो होतो तो गणपतसाठी. वाटेचं आश्चर्य वाटायला डोकं ठिकाणावर नव्हतं. उलट मनात आलं ते हे, की लबाड लेकाचे, इतकी चांगली वाट लपवून ठेवली!

वरंधला एका घराच्या परसात, गवताच्या उडवीमागे बाहेर पडलो. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. घाटातून एक मालमोटार उतरत होती, ती थांबवली. सव्वाला गणपत महाडच्या दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर आणायचीही गरज नव्हती. गणपत वाचला. पाय अडीच इंच आखूड झाला, पण वाचला.

तिसऱ्या दिवशी मी वरंधला गेलो. ते परस सापडलं, ती उडवीही होती. मागे करवंदी. वाकून, कपडे फाडून आत शिरलो. शंभरेक पावलांवर कडा, सरळ वर गेलेला. डावीकडे अर्धा मैल पाहिलं, उजवीकडे अर्धा मैल. पाणी ठिबकणारा खडक नाही, वळण नाही, वाटेचा मागमूस नाही. घरमालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "मागं काय असनार? डोंगर!"

मग वहाळाच्या वाटेने वर गेलो. तीन तास लागले. वरूनही पाहिलं. कडा तसाच. खडकावर गणपतचं रक्त वाळलेलं होतं.

धाकू मुंबईला परत जायच्या तयारीत होता. त्याला म्हटलं, "खरं सांग, कुठून नेलंत?" तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी ओळखली. मी लोकांकडे तशाच नजरेने बघायचो.

"खालीफुकट डोकं कशाला लावता साहेब? वाट गावली, मानूस वाचला. बात खतम."

सखू अंगणात नाचणी पाखडत होती. मान वर न करता बोलली, "ह्यांच्या कागदाव नाय ना ती. मग कशी असंल?"

मी खाली मान घालून उतरलो. त्या रात्री नवीन शिफारस लिहिली : 'आसणकोंड — वहाळावर साकव अत्यावश्यक.' कोणाची तरी भीड वाटून काही लिहायची ती आयुष्यातली पहिली वेळ.

आणि आठवड्याने मोठ्या साहेबांनी बोलावलं. कचेरीचं नाव सांगत नाही. त्यांच्यापुढे माझी वही होती आणि शेजारी दवाखान्यातला कागद.

"अकरा वाजता तुम्ही आसणकोंडच्या कड्यावर. सव्वाला जखमी माणूस महाडमध्ये. मधली वाट तुम्हीच मोजलीत, पावणेसहा मैल. उडत आलात?"

मी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"जवळची वाट आहे का दुसरी?"

माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं — मार्ग अस्तित्वात नाही.

"म्हणजे तुम्ही वर गेलाच नाहीत," साहेब म्हणाले. "खाली वरंधला बसून वही भरलीत. खरं बोला, ताकीद देऊन सोडतो. नाहीतर नोकरी विसरा."

त्यांचा तर्क बिनचूक होता. त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, आणि अधिक तुच्छतेने. खरं सांगितलं असतं तर वेडा ठरलो असतो, आणि नोकरीही गेली असती. मी लिहून दिलं : अपघात वरंधजवळ डोंगराच्या पायथ्याशी झाला, आसणकोंडला मी गेलो नाही, नोंदी ऐकीव आहेत. गणपतचीही साक्ष लागली. खाटेवर पडल्या पडल्या त्याने कागदावर अंगठा उठवला. "तुम्ही म्हनाल तसं, साहेब." मी कागदाची घडी करून खिशात घातली.

आसणकोंडचं पान रद्द झालं. पानाबरोबर साकवही गेला.

चार-पाच वर्षांनी महाडच्या बाजारात राघोबा दिसला. सुकट घेऊन पाटी डोक्यावर चढवत होता. मी टाळून जाणार होतो, पण त्यानेच हाक मारली. "साहेब! तुमचा तो गनपत बरा हाय ना?"

बरा आहे म्हटलं. मग मला राहवेना. भर बाजारात त्याला सांगून टाकलं — मी खोटं लिहून दिलं, त्यामुळे तुमचा साकव गेला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "साकव आला नाय तवाच वळखलं."

"राग नाही आला?"

"राग कुनाकुनाचा धरायचा? तुमच्या आधी दोघं येऊन लिवून गेलं. तुमच्या मागनं एक आला." त्याने पाटी सावरली. त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला मी उत्तर देऊ शकतो.

मी विचारलं, "राघोबा, आता तरी सांग. ती वाट येते कुठून?"

त्याने माझ्याकडे चमकून पाहिलं. मग पाटी डोक्यावरून उतरवली, खाली ठेवली, आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "मला वाटलं तुम्ही सांगाल. माझ्या बापाला म्हाईत नव्हतं, मला नाय. दर येळंला खांदा देताना मनात येतं — आज नाय गावली तर? तुम्ही शिकल्याले, मोजलीत बी. सांगा की, काय हाय ते?"

तो थट्टा करत नव्हता. बाजारातली माणसं आम्हाला धक्के देत जात होती आणि तो म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत, खरोखरच उत्तराची वाट बघत उभा होता.

मी वाकून ती पाटी उचलली आणि त्याच्या डोक्यावर चढवली.