एका घराला दोन नळ

गावात कुणाचं घर फुटलं की ते सगळ्यांत आधी प्रेमानंद पाईकरावांना कळायचं. भावकीला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मागाहून. चूल वेगळी मांडायला कुणाची परवानगी लागत नाही, पण नळ वेगळा घ्यायचा तर नगरपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज घेऊन जागेवर जायचं, नवा पाइप सांडपाण्याच्या नालीपासून लांब जातो का बघायचं, रस्ता खोदायला मंजुरी द्यायची, हे काम पाईकरावांचं. धाकटा भाऊ यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि म्हणायचा, "तसं काही न्हाई साहेब, घरात गर्दी होऊन राहिली म्हनून." पाईकराव म्हणायचे, "बराबर आहे." पुढं काही विचारायचे नाहीत.

लोक त्यांना घरात घ्यायचे ते मागच्या अंगानं. न्हाणी, मोरी, हौद, नाली सगळं तिकडंच. कुणाच्या परसात कढीपत्ता आहे, कुणाची सून न्हाणीत तोंड दाबून रडते, हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या खोलीत पंख्याखाली मात्र त्यांना फारसं कुणी बसवलं नव्हतं. काम झालं की मालक म्हणायचा, "मंग कधीपर्यंत होईन साहेब?" आणि ते स्कूटरकडे वळायचे.

त्यांचं स्वतःचं घर बुद्धविहाराच्या मागं, दोन खोल्यांचं. आई, पंचफुलाबाई, पुष्कळ वर्षं अंथरुणाला खिळून होती. एक अंग गेलेलं. तिचं करण्यात त्यांच्या लग्नाचं वय निघून गेलं. सुरुवातीला स्थळं यायची, मग नुसती विचारपूस यायची, मग तीही थांबली. बहीण सुनिता परभणीला दिली होती, ती रविवारी फोन करायची. गेल्या पावसाळ्यात आई गेली. त्यानंतर पाईकरावांनी बाजारातून आणलेली पहिली वस्तू म्हणजे कुलूप. इतकी वर्षं त्या दाराला कुलूप कधी लागलंच नव्हतं. संध्याकाळी किल्ली फिरवताना त्यांना अजूनही दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं व्हायचं.

हळद शिजवण्याच्या दिवसांत एका सकाळी एक म्हातारी कार्यालयात आली. उंच, हाडं दिसणारी, दोन्ही गुडघ्यांनी अधू. नाव चंद्रभागाबाई. गावाच्या कडेला, हिंगोली रस्त्याला राहणारी.

"वेगळा नळ पायजे," ती म्हणाली.

"कुणापासून वेगळं व्हायचंय मावशी? सुनेपासून?"

"सुना नांदेडला हायेत. मालकापासून."

पाईकरावांचा पेन थांबला. भाऊ भावापासून, बाप लेकापासून, असे अर्ज त्यांनी खूप हाताळले होते. हा असला पहिलाच.

तिनंच मग सांगितलं. ती नातीच्या बाळंतपणाला नरसीला गेली होती. परत आली तर शेळ्यांचं वाडगं रिकामं. नवऱ्यानं, नामाजींनी, सगळ्या शेळ्या विकून टाकल्या होत्या. "लेकरावानी वाढवल्या व्हत्या मी. एक सबूद इचारलं न्हाई. आता त्याच्या नळाचं पानी मला गोड लागत न्हाई."

पाईकराव म्हणाले, "एका घराला दोन नळ द्यायचे तर स्वयंपाक वेगळा पाहिजे, दार वेगळं पाहिजे. येऊन बघावं लागेल."

"या की. समदं वेगळंच हाय."

खरंच वेगळं होतं. मधल्या खोलीत तिनं तुराट्यांचा कूड घालून तो शेणामातीनं लिंपला होता. रस्त्याकडच्या दारानं नामाजी ये-जा करायचे, परसाकडच्या दारानं ती. नामाजी बाजेवर बसले होते. पाईकरावांना पाहून म्हणाले, "साहेब, ती माही बायको हाय का शेजारीन, हे आता तुमचं हापिस ठरवून राहिलं का?"

"मामा, मी फक्त पाइप कुठून न्यायचा ते बघायला आलोय."

"मंग बघा. पन च्या पिऊन बघा."

त्यांनी स्वतः चहा केला. करपट, आणि साखर वारेमाप. पाईकराव टेप घेऊन परसाकडे गेले तर कपांचा आवाज ऐकून चंद्रभागाबाईंनीही आधण ठेवलेलं. पाईकरावांनी तो चहाही घेतला. तिनं विचारलं, "घरी कोन कोन असतंय?"

"कुणी नाही. आई होती."

ती उठली. आत गेली आणि ज्वारीची भाकरी, वर ठेचा, असं ताटलीत घेऊन आली. कुडाला पाठ लावून पाईकराव जेवले. पलीकडं नामाजी मुद्दाम मोठ्यानं खोकत होते. फार दिवसांनी पाईकरावांना कुणाच्या तरी घरात असल्यासारखं वाटलं.

अर्जात तसं काही कमी नव्हतं. एका बैठकीत मंजूर होण्यासारखा होता. पण कार्यालयात आल्यावर त्यांनी शेरा लिहिला, 'नकाशात न्हाणीघर दाखवलेले नाही', आणि फाईल बाजूला ठेवली. पुढच्या आठवड्यात न्हाणीघर बघायला गेले. पुन्हा दोन चहा झाले. मग नालीचं अंतर पुन्हा मोजायला हवं असं त्यांना वाटलं. मग उतार. लोकांची कामं अडवून ठेवणाऱ्यांचा त्यांना आयुष्यभर तिटकारा होता. आपण अडवत नाही, नीट बघतोय, असं ते स्वतःला सांगायचे, आणि त्या रस्त्याला लागले की स्कूटर आपोआप वेग धरायची.

एकदा नामाजी हळू आवाजात म्हणाले, "तिचे गुडघे बघितले ना? उन्हातान्हात शेळ्यांमागं हिंडून एखाद्या दिशी पडली असती माळावर. इचारलं असतं तं इकू दिल्या असत्या का तिनं?"

"मग हे त्यांना सांगितलं का तुम्ही?"

"काहून सांगू? तिला कळाय नको?"

पाईकरावांनी मान हलवली. कुडापलीकडं जाऊन ते दोन वाक्यं बोलू शकले असते. पण पाणीपुरवठ्याच्या माणसानं नवरा-बायकोत कशाला पडावं, असं म्हणून ते गप्प राहिले.

मार्च संपत आला. एका सकाळी माळावरच्या हातपंपाच्या वाटेवर मुख्य वाहिनी फुटल्याची तक्रार आली म्हणून ते तिकडं निघाले. ऊन चांगलंच चढलं होतं. वाटेत, बाभळीच्या अर्धवट सावलीत, चंद्रभागाबाई बसल्या होत्या. शेजारी भरलेली कळशी. एक पाय लांब करून त्या गुडघा चोळत होत्या.

पाईकराव खाली उतरले. "मावशी, इथं?"

"नळ मिळंस्तवर इथूनच नेते. त्याचं पानी न्हाई घेनार म्हनले तं न्हाई घेनार." मग अगदी साधेपणानं विचारलं, "काम कुठवर आलं साहेब?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. इतके दिवस ती हे ओझं वाहतेय, आणि आपण तिच्या परसात बसून चहा पितोय. त्या चहाचं पाणीसुद्धा इथलंच. पाईकरावांना वर बघवेना.

काहीतरी द्यायला हवं म्हणून ते घाईनं बोलून गेले, "मावशी, मामांनी शेळ्या तुमच्या गुडघ्यांपायी विकल्या. मला म्हणाले ते."

"मला ठाव हाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "जलम गेला त्याच्यासंगं, तेवढं कळंना का मला? पन इचारायचं व्हतं." आणि कळशीला हात घातला. पाईकरावांनी ती पुढं होऊन उचलली, स्कूटरवर पायांत धरली आणि चंद्रभागाबाईंना मागं बसवून घरी पोचवलं. त्या दिवशी चहाला थांबले नाहीत. दुपारीच मंजुरीवर सही करून प्लंबरला स्वतः फोन लावला.

दोन दिवसांत रस्ता खोदून नळ बसला. त्या भागात पाणी सुटायच्या दिवशी पाईकराव गेले. जायची काही गरज नव्हती. दाब बघतो, असं त्यांनी सांगितलं.

चंद्रभागाबाईंनी तोटी सोडली. आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. तिनं ओंजळीत धरून तोंडावर मारलं. "लई उपकार झाले साहेब," म्हणाली आणि हंडा लावला. पाण्याचा दिवस. चहाचं कुणाच्या ध्यानात असणार?

कुडापलीकडून नामाजी ओरडले, "साहेब, तिच्याकडं पानी जोरात हाय का? माहं बारीक झालं!"

पाईकराव उत्तर देणार तोवर चंद्रभागाबाईच म्हणाल्या, "बारीक व्हतं तं व्हऊ द्या. दोन मानसाचं एकट्यानं पिऊन राहिले इतके दिस."

"तू ओढून घेतलं माहं पानी!"

"मंग या अन् बघा की, मी काय मशीन लावलीय व्हय?"

नामाजी खरंच आले. घराला वळसा घालून, धोतराचा सोगा हातात धरून, परसात. दोघं तोटीवर वाकले. ती म्हणत होती हे बघा, तो म्हणत होता काय बघू. हंडा भरून वाहायला लागला तेव्हा त्यानं तो ओढला आणि तिनं कळशी सरकवली. भांडण चालूच होतं.

"येतो मावशी," पाईकराव म्हणाले. पाण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. थोडं थांबून त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, आणि मग परसाच्या दारानं बाहेर पडले.

त्या दिवशी अजून एक पाहणी होती, नव्या प्लॉटिंगमध्ये. घरमालक पुण्याला. बांधकाम पुरं झालेलं, फरशीचा वास येणारं रिकामं घर, आणि किल्ली घेऊन उभा असलेला प्लंबर, तोही फोनवर बोलत. पाईकराव सगळ्या खोल्यांतून एकदा फिरले. न्हाणी बघितली, नालीचं अंतर मोजलं. सगळं नियमात होतं. मंजुरीचा शेरा त्यांनी तिथंच भिंतीला कागद टेकवून लिहिला, आणि प्लंबरचं बोलणं संपायची वाट न बघता निघाले.