वॉशिंग मशीनचा मास्तर

येत नाही असं तोंडावर सांगणारा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे मिस्त्री येतो म्हणतात आणि येत नाहीत. हा येत नाही म्हणायचा आणि खरंच यायचा नाही. आमच्या गावाहून एसटीने जावं लागतं त्या श्रीरामपुरात, स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. फोन लावून मशीन बंद पडली म्हणून सांगितलं की तिकडून पहिला शब्द यायचा, "बंद म्हंजी काय?" आता बंद म्हणजे बंद. पण त्याला ते चालायचं नाही. पाणी घेते का, दिवा लागतो का, झाकण नीट बसलंय का, लाईट कमी आहे का, त्याआधी काय धुतलं होतं. मी शाळा चौथीत सोडली ती असल्याच प्रश्नांना कंटाळून. सत्तरी आली आणि पुन्हा एक मास्तर माझ्या नशिबी आला.

मास्तर हे नाव मालनने ठेवलेलं. मालन म्हणजे माझी बायको. आमच्या पोराने, विनोदने, पुण्याहून वॉशिंग मशीन पाठवली तेव्हा मी कुरकुर केली. म्हटलं, जन्म गेला पाटाच्या पाण्यावर धुण्यात, आता हे डबडं कशाला.  मशीन बसवायला मास्तर आला आणि मालनने त्याला तासभर हलू दिलं नाही. तो सांगत होता, "वहिनी, ही तुमच्यासारखंच करती. पानी घेती, कपडा भिजवती, खालची चकती फिरवून घुसळती, घाण पानी सोडती, चांगल्या पान्यात काढती. शेवटाला टब गरागरा फिरवती, म्हंजी पानी भोकातनं बाहेर पडतं. पिळनं ते हेच. जादू न्हाई काय." मी खाटेवर पडून होतो. कानावर पडत होतं, पण ऐकलं काही नाही. ते पुढे मला महागात पडलं.

त्यानंतरच्या आठ वर्षांत मास्तर घरी दोनदा आला असेल. बाकी सगळं फोनवर. मालन मोबाईल खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून मशीनच्या मागे वाकायची आणि तो सांगेल ते करायची. माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचो, मिस्त्री तो का तू? यावर ती म्हणायची, "अहो, तो आला न्हाई म्हंजी मोठं काय बिघडलं न्हाई. बरंच हाय की." तिला त्याचं कौतुक आणि मला त्याचा राग, अशी आमच्या घरातली वाटणी होती.

गेल्या वर्षी मालन गेली. नगरच्या दवाखान्यात चार दिवस होती, पाचव्या दिवशी नव्हती. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला आणि विनोद म्हणाला, अण्णा, आता पुण्याला चला. मी नाही म्हणालो. हे घर मी साखर कारखान्यात पोती उचलून बांधलंय, मालनने त्याच्या भिंतींना स्वतः पाणी मारलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायला मी जाणार नाही. तो म्हणाला, भाकरी कोण करणार? म्हटलं, मी. आणि कपडे? इथे मी अडकलो. माझे गुडघे वाकत नाहीत, दगडावर बसून धुणं होत नाही. मशीन आहे, म्हटलं. सूनबाई तोंड फिरवून हसली, ते मी पाहिलं. शेवटी ठरलं असं, की उन्हाळ्यापर्यंत बघायचं. जमलं तर राहायचं, नाही जमलं तर तो गाडी घेऊन येणार आणि मी कारण सांगायचं नाही.

पोरं गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मशीन लावली. मशीन पाणीच घेईना. नुसती टीं टीं करत बसली. दोन थपडा मारल्या. मग मास्तरला फोन लावला आणि म्हटलं, मालन गेली, मशीन बंद आहे, तुम्ही या.  तो म्हणाला, "वहिनींचं कळालं मला. भाऊ, नळाला फडकं हुतं, ते हाय का?" मला असा संताप आला. माणूस बायको गेली म्हणून सांगतोय आणि हा फडकं विचारतोय.

फडकं नव्हतं. घर झाडताना ते कळकट चिरगूट मीच सोडून चुलीत घातलं होतं. मास्तरने समजावलं. आपल्या टाकीत पाटाचं पाणी येतं. आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून पाटाला नवं पाणी सोडलं, की ते गढूळ असतं. मशीनला पाईप जोडतो त्या तोंडाशी आत बारीक जाळी असते, ती गाळाने बुजते आणि मशीन तहानलेली बसते. म्हणून मालन नळाच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधायची आणि आठवड्याला बदलायची. "तुमी कदी बघितलं न्हाई व्हय?" मास्तरने विचारलं. आठ वर्षं मी त्याच नळावर तोंड धुतलं. नव्हतं बघितलं.

त्या दिवशी त्याने मला नळ बंद करायला लावला, वायर काढायला लावली, पाईप सोडायला लावला, पक्कडीने जाळी ओढून दात घासायच्या ब्रशने घासायला लावली. तास गेला. मी त्याला शिव्या दिल्या, त्याने ऐकून घेतल्या आणि फोन ठेवला नाही. पाणी पडायला लागलं तसा म्हणाला, आता फडकं बांधा. मी मालनची पेटी उघडली. साडीला कात्री लावायला हात उचलेना. शेवटी माझंच जुनं बनियन फाडून बांधलं.

पुढे तर आमचं भांडण रोजचंच झालं. मी पावडर दोन ओंजळी टाकली आणि मोरीभर फेस झाला. मास्तर म्हणाला, "जास्त साबनानं कपडा गोरा होत न्हाई. मशीनला तो काढत बसावं लागतं, आन् राहिलेला अंगाला खाजतो." मी गोधडी टाकली, तर पिळताना मशीन धडाधडा नाचत मोरीतून दारापर्यंत आली. मी घाबरून फोन केला, तर याचा प्रश्न काय, किती लांब आली? म्हटलं, तुम्हाला टेपने मोजून देऊ का? म्हणाला, वजन एका बाजूला गेलं की ती चालायला लागते, कपडे मोकळे करून सगळीकडून सारखे टाका आणि तिचे पाय जमिनीला टेकलेत का ते हलवून बघा. एक पाय अधांतरी होता. मास्तरने तो फिरवून खाली घ्यायला लावला. मशीन गप्प उभी राहिली. मला त्याचा अजूनच राग आला.

एकदा मी चिडून विचारलं की बाबा, तू येतोस तरी कधी? तेव्हा त्याने सांगितलं ते मी जाड अक्षरात लिहून मोरीच्या दारावर चिकटवलं. "जळका वास आला, हाताला करंट लागला, खालनं तेल गळलं, न्हाईतर पिळताना जात्यावानी घरघर झाली, तर वायर काढा आन् मला बोलवा. तिथं सोताचं डोकं चालवू नका. बाकीचं समदं तुमचंच काम."

उन्हाळा जवळ आला आणि मशीन घरघरायला लागली.

मी बोलावलं नाही. लिहून चिकटवलेलं समोर दिसत होतं तरी बोलावलं नाही. मास्तर येणार, मशीन संपली म्हणणार, विनोदला कळणार आणि गाडी दारात उभी राहणार. मी दार लावून मशीन चालवायचो. विनोदचा फोन आला की आधी ती बंद करायचो. शेजारणीने विचारलं, भाऊजी, गिरण टाकली का? तिला सांगितलं, रेडिओ बिघडलाय.

मग एकदा मास्तरनेच फोन केला. आवर्तन सुटलंय, फडकं बदललं का, एवढंच विचारायला. मागे मशीन पिळत होती. तो बोलता बोलता थांबला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाला, "बंद करा ती." दुपारच्या एसटीने तो दारात हजर. खांद्याला पिशवी, घामाने निथळलेला. मी म्हटलं, मी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, बोलवायला पाहिजे होतं, किती दिवस झाले? म्हटलं, दोन. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, महिना.

त्याने मशीन आडवी केली, टब हाताने फिरवून बघितला, खालचं तपकिरी तेल बोटावर घेऊन मला दाखवलं. पाणी अडवणारं आतलं सील जाऊन बेअरिंगमध्ये पाणी शिरलं होतं, आणि मी महिनाभर तशीच चालवल्यामुळे टब फिरवणारा दांडाही झिजला होता. पहिल्या दिवशी बोलावलं असतं तर सील आणि बेअरिंगवर भागलं असतं, असं तो म्हणाला. आता या मशीनचा दांडा मिळत नाही.

मी खाटेवर बसलो. म्हटलं, "मास्तर, मशीन गेली तर पोरगा मला उचलून नेईल. मला इथनं जायाचं न्हाई."

तो हात पुसत राहिला. एकेक बोट पुसलं. मग माझ्याच मोबाईलवरून त्याने विनोदला फोन लावला. "मी श्रीरामपूरचा मशीनवाला बोलतोय. तुमचे वडील जाळी साफ करत्यात, फडकं बदलत्यात, कपडे धुत्यात. चुकत्यात, शिव्या देत्यात, पन करत्यात. मशीन म्हातारी झाली, ती बदला. मानूस चालू हाय. त्याला हलवू नका." तिकडे विनोद काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आठ दिवसांनी नवी मशीन आली. मालनची मशीन टेम्पोत चढवत होते तेव्हा मी घरात जाऊन बसलो.

मी राहिलो. मास्तरला मात्र राहता आलं नाही. साखरेच्या आजाराने त्याची नजर गेली, स्क्रू दिसेनात. या पावसाळ्यात दुकानाचं शटर पडलं आणि मुलीने त्याला नाशिकला नेलं. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही मी फोन केला म्हणून. मी त्याला खूप बोललो. म्हटलं, माझ्या पोराला तोंड वर करून सांगितलंस, स्वतःच्या पोरीला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "मला कुनी इचारलंच न्हाई, भाऊ. एक दिवस बॅग भरलेलीच दिसली." मुलीच्या घरी नवी मशीन आहे. तिला हात लावायचा नाही, असं जावयाने सांगितलंय. त्याला दिसत नाही, करंट लागेल म्हणून.

मी म्हटलं, माझ्याकडे ये. दोन खोल्या आहेत, एक रिकामी आहे. तू बसून सांग, मी करतो. तो हसला. बघू, म्हणाला. हा माणूस येत नाही म्हणाला की येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे, पण त्याच्या बघूचा काही भरवसा नाही. तरी आज सकाळी ती खोली झाडली. जास्तीची चादर आणि उशीची खोळ, पावडर बेताची टाकून, धुऊन दोरीवर घातली आहे. ऊन चांगलं आहे. संध्याकाळपर्यंत वाळेल.