आमटी न सांडणारी सायकल

माझ्या साडूनं जन्मात कुठलीच गोष्ट पहिल्या झटक्यात पास केलेली नाही. महाळुंग्याच्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता. तयार माल हातात घ्यायचा, उलटासुलटा करून बघायचा आणि पटला नाही की लाल स्टिकर लावून बाजूला टाकायचा, हे त्याचं काम. रिटायर झाला तरी हात थांबला नाही. भाजीवालीसमोर दोडका उजेडात धरून तो वाकडा आहे असं तिलाच ऐकवील. लग्नाच्या मांडवात खुर्ची हलवून बघितल्याशिवाय बसणार नाही. स्वतःसाठी मुलगी बघायला आला तेव्हा मुलगी पसंत केली, पण पोह्यांवर खोबरं एकाच बाजूला पडलंय म्हणाला. पोहे मुलीच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं केले होते. ती म्हणाली, "मग बशी फिरवून घ्या." पुढं ही गेली तेव्हा दहाव्याला त्यानं भटजींना सांगितलं, पिंड एकसारखे नाहीत. लोकांनी रागानं बघितलं. मला राग आला नाही. ही असती तर पदर तोंडाला लावून हसली असती.

ही गेल्यापासून माझा दुपारचा डबा साडूच्या घरून येतो. मेव्हणी करते, साडू रहाटणीहून चिखलीला घेऊन येतो. मला चहापुढं काही येत नाही, आता शिकायची हौसही नाही. तो स्कूटरवर यायचा. एका वळणावर खडीवरून घसरला, गुडघा फोडून घेतला, आणि त्याच्या पोरानं स्कूटर विकून टाकली. मला म्हणाला, "काका, तुम्हाला मेसचा डबा लावून देतो." मी म्हणालो, लाव. साडू म्हणाला, "मी सायकल घेतो." पोरगा म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत घ्या, नाहीतर मेस." पोरगा बापाला ओळखून होता. महिन्यात सायकल पास होणं अवघड होतं.

साडू मला दुकानात घेऊन गेला, साक्षीदार म्हणून. मी स्टुलावर बसलो, तो सायकलींना भिडला. साधी काळी सायकल पुलाच्या चढाला छाती फोडील म्हणाला. वाकड्या हॅन्डलच्या रेसरवर बसला आणि लगेच उतरला, "यावर माणूस खाली पडलेलं नाणं शोधत चालल्यासारखा दिसतो." जाड टायरची होती ती त्याला ट्रॅक्टर वाटली. मग दुकानदारानं सरळ हॅन्डलची गिअरवाली काढली. टायर ना बारीक ना जाड, बसलं की पाठ ताठ. "ही हायब्रिड, काका. शहरात रोज यायजायला हीच." मला हायब्रिड म्हणजे ज्वारी माहीत. पण साडूचा चेहरा बदलला. मान वर राहते, ट्रक मागून आला तर वळून बघता येतं, गिअर बोटानं पडतो, हे सगळं त्यानं कबूल केलं. मग पिशवीतून डबा काढला. डब्यात आमटी, काठोकाठ.

"काका, लोक ब्रेक बघतात. तुम्ही आमटी काय बघताय?"

"ब्रेक मला थांबवायला आहे, राव. डबा ज्याचा त्याला भरलेला पोचला पाहिजे."

त्या दिवसापासून रोज तेच. दुकानापुढच्या रस्त्यावर गतिरोधक आणि खड्डे मुबलक. साडू जायचा, यायचा, झाकण उघडायचा आणि "रिजेक्ट" म्हणायचा. सीट अरुंद होतं, रुंद बसवून घेतलं. मडगार्ड नव्हतं, बसवलं. कॅरिअरखाली रबर घातलं. टायरमधली हवा कमी केली, मग जास्त केली. दुकानदार शेवटी मला म्हणाला, "आजोबा, यांना घरी न्या ना." मी म्हणालो, "त्यांनीच मला आणलंय. मी कुठं न्हेणार?" आमटी सांडतच राहिली. महिना संपत आला. पोरानं मेसवाल्याशी बोलून ठेवलं होतं.

शेवटच्या दिवशी मी डब्याची वाट बघत नव्हतो. स्कूटर गेल्यापासून दुपारी चालला होता तोच चहा ठेवला होता, पाव होता. दुपारी फाटक वाजलं. साडू सायकल धरून उभा, घामानं निथळलेला, पाठ मात्र सरळ. डब्याच्या अंगावरून आमटी ओघळून कॅरिअरवर आलेली.

"सांडली व्हय?"

"सांडली."

"मग पास कशी केली?"

तो रुमालानं डबा पुसत राहिला. म्हणाला, "डेव्हिएशनवर." कंपनीत माल थोडा चुकीचा असतो, पण नाकारला तर पुढचं सगळं काम अडतं. तेव्हा साहेब लोक सही करून तो चालवून घेतात, त्याला म्हणायचं डेव्हिएशन. साडूनं नोकरीभर अशा सह्यांवरून साहेबांशी भांडणं केलेली. मी ते काढलं तर म्हणाला, "लाईन बंद पडली असती, साडूभाऊ."

जेवायला बसलो. आमटी निम्मीच उरली होती, भाकरी नीट भिजली नाही. तो समोर बसून मी किती खातो ते बघत होता. निघताना म्हणाला, "उद्या पिठलं करायला सांगतो. ते सांडत नाही."

मी म्हणालो, "आमटीच आणा. राहील तेवढी."

काळ्या मसाल्याची ती आमटी ही आणि मेव्हणी, दोघी बहिणी आईच्या हाताखाली शिकल्या. डोळे मिटून खाल्ली तर कुणी केली ते सांगता येत नाही. साडूला मी हे बोललेलो नाही. मेसवाल्याला तरी ही चव काय सांगणार होतो?