पडकईला आमच्या घरचं माणूस

"ह्या दाराची पायरी चढू नकोस," असं बाबांनी चौदा वर्षांपूर्वी मला बजावलं, कारण मी दुसऱ्या जातीत, माझ्या पसंतीने लग्न केलं. बरं, नाही चढले. घोडेगावच्या बाजारात आईला भेटायचे आणि तिथूनच परत पुण्याला.

यंदा उन्हाळ्यात आईचा फोन आला. "आपली पडकई बुडाली बघ." आमच्या डोंगरात खाचरांचे बांध सगळ्यांनी मिळून घालायचे, पाळीपाळीने एकेकाच्या रानात, ही पडकई. घरटी एक माणूस, मजुरी नाही. ज्या घरचं माणूस येत नाही, त्याच्या रानात कोणी जात नाही. भावाला चाकणच्या कंपनीतून सुटी मिळेना, बाबांचा गुडघा गेलेला. आमचा बांध मागच्या पावसात वाहून गेला होता, आणि बांध नाही तर भात नाही. पण बाबा कोणापुढे शब्द टाकतील तर शपथ!

दुसऱ्या दिवशीच निघाले. घरी गेलेच नाही, ज्यांची पाळी होती त्या शेजाऱ्यांच्या रानात थेट जाऊन पदर खोचला आणि टिकाव उचलला. सगळे बघतच राहिले. पाळ्या ठरवणारे म्हातारे काका म्हणाले, "पावणी, तुमी कशाला? सावलीत बसा की."

"पावणी कोण? आमच्या घरचं माणूस म्हणून धरा मला."

"आन तुझा बाप काय म्हनंल?"

"त्यांना मी विचारलंच नाही."

काकांनी डोकं खाजवलं. "लई तिखट हायेस. धर मग त्या दगडाची ती कड."

आठ दिवस दगड उचलले. तळहातांची सालटं निघाली. मुक्काम काकांच्याच घरी. बाबा एकदाही तिकडे फिरकले नाहीत. वाईट वाटत नव्हतं असं कसं म्हणू? लई वाटत होतं. पण रडायला आले नव्हते मी.

नवव्या दिवशी आमची पाळी. सगळे आले, बांध उभा राहिला. ज्याचं रान त्याच्या घरी जेवण. घरातल्या म्हाताऱ्याने पंगतीला सोबत बसायचं, बाकी घरच्यांनी शेवटी जेवायचं, अशी रीत. मी पायरी चढून आत गेले. बाबा माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "त्या पावणीला आधी वाढ."

माझं टाळकं फिरलं. आईच्या हातातलं भाताचं पातेलं घेतलं आणि पंगतीच्या टोकापासून मीच वाढायला लागले. बाबांपाशी आले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"हात काढा बाबा," मी म्हणाले, "नायतर हातावर वाढीन. भात गरम आहे."

काका मान खाली घालून आमटी ओरपत राहिले. बाबांनी हात काढला.

ते अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. नाही तर नाही! त्या दिवशी त्यांनी भातासाठी दोनदा ताट पुढे केलं, आणि मी सगळ्यांच्या शेवटी, आईबरोबर चुलीपाशी बसून जेवले.